चोरचोळीच्या आधीची दोन

शितल मुकी आहे, असं खुटबावातल्या निम्म्या लोकांना वाटायचं. त्यांनी एकदा कारेगावला येऊन तिला भाजीवाल्या भैयाशी भांडताना ऐकायला हवं होतं. "भैया, ये गवार है का सरपण? तुम खुद खाएगा क्या?" असं काही झाडायची, की भैया बिचारा वरून कोथिंबिरीची जुडी टाकून हात जोडायचा. पण हीच बया नवऱ्याच्या गाडीवरून खुटबावात उतरली अन् डोक्यावर पदर आला, की तोंडाला कुलूप. किल्ली सासूच्या कमरेला.

सासू म्हणजे मालनबाई. शेवंतीचा मळा, दोन म्हशी, आणि कुणाच्या घरात काय शिजतंय याची पक्की खबर. ज्ञानेश त्यांचा एकुलता एक. तो एमआयडीसीत शिफ्टला जातो, म्हणून नवरा-बायको कारेगावात खोली घेऊन राहतात. मालनबाई वाईट सासू नव्हत्या हां. सून आली की भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवायच्या अन् म्हणायच्या, "खा गं, न्हाईतर तुझी आई म्हणायची, पोरीची काडी केली." फक्त समोरच्याला बोलायला जागा ठेवायच्या नाहीत, एवढंच.

लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता.

आता तिकडची रीत अशी, की दिवस गेले तरी तिसरा महिना लागेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. दृष्ट लागते म्हणे. तिसरा लागला की सासू घरातल्या घरात, दार लोटून, सुनेची ओटी भरते आणि हिरवा खण देते. कुणाला कळू न देता द्यायची, म्हणून ती चोरचोळी. मालनबाईंच्या हिशेबात पोर धरायचं ते त्या चोळीपासून. त्याच्या आधी काही झालं तर ते झालंच नाही. "पाळी पुढं गेली व्हती," म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी फुलं तोडायला जायचं.

शितलच्या अशा दोन पाळ्या 'पुढं गेल्या' होत्या. पहिली कारेगावच्या खोलीत, ज्ञानेश कामावर असताना. दुसरी दिवाळीच्या तोंडावर, मळ्यात तोडणी चालू असताना. तिसऱ्या वेळी मात्र खण मिळाला. तिनं तो शिवायलासुद्धा टाकला होता. चोळी शिवून आली तेव्हा पोटात काही उरलं नव्हतं.

पुढं काही महिन्यांनी मालनबाई स्वतःच तिला शिरूरला बाईडॉक्टरकडं घेऊन गेल्या. मॅडम वयानं तरुण, पण ऐकून घेणाऱ्या.

"आतापर्यंत किती वेळा दिवस राहिले होते?"

शितलनं तोंड उघडलं. तेवढ्यात मालनबाई म्हणाल्या, "एकदाच की. एकच गेलं."

"एक जाणं पुष्कळ जणींचं होतं, मावशी. घाबरू नका." मॅडमनी गोळ्या लिहून दिल्या. "दोन-तीन लागोपाठ गेली असती, तर रक्ताच्या खास तपासण्या केल्या असत्या. सध्या त्याची गरज नाही."

शितल उठली, नमस्कार केला, बाहेर आली. मालनबाई खुशीत. त्यांनी स्टँडवर भेळ घेतली, कागदाचा पुडा सुनेपुढं धरला. सून काही हात लावेना.

"तिखट हाय का?"

"आत्या, एक न्हाई. तीन गेलीत."

"अगं, त्या दोघांना मी चोळी कुठं दिली व्हती?"

"चोळी न्हाई दिली, पण लोणच्याची बरणी दिली व्हती ना तुम्ही? दुसऱ्या खेपंला मला सारखं आंबट खावंसं वाटत व्हतं. मी एक शब्द बोलले नव्हते. तुम्ही गुमान बरणी पिशवीत घातली. कुणासाठी घातली व्हती?"

मालनबाईंच्या तोंडातली भेळ तोंडातच राहिली. एवढं लांबलचक वाक्य सुनेच्या तोंडून त्यांनी पाच वर्षांत पहिल्यांदा ऐकलं असेल. त्यांनी पुडा गुंडाळला, पिशवीत कोंबला. पोटातलं दुखणं सांगायला लाजणाऱ्या माणसासारख्या इकडंतिकडं बघत राहिल्या.

"आता डॉक्टरीनबाई म्हंतील, म्हातारी लबाड हाय."

"म्हणू द्या."

"लई आगाऊ झालीस गं," मालनबाई म्हणाल्या आणि दवाखान्याच्या दिशेनं सुनेच्या पुढं चालायला लागल्या.

आत गेल्यावर बोलली मात्र शितलच. "मॅडम, तीन गेलीत. आत्यांनी रीतीनं जेवढं मोजतात तेवढं सांगितलं. दोन आधीची हायेत." पदर खांद्यावर घसरला होता. तिनं तो वर घेतला नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं आलात." मग समजावून सांगायला लागल्या. काही जणींचं रक्त गोठायला जरा जास्तच तयार असतं. एरवी कळतसुद्धा नाही. पण दिवस राहिले की बाळाला रक्त पोचवणाऱ्या बारीक वाटांत गुठळ्या अडकतात, वार नीट धरत नाही, बाळ सुकतं. सगळ्यांचं कारण हेच असतं असं नाही. पुष्कळदा रिपोर्ट अगदी नॉर्मल येतात. पण बघायला हवं.

मालनबाई कान टवकारून ऐकत होत्या. "म्हंजी ठिबक चोकअप झाल्यावानी. हिरीला पाणी हाय, मोटार चालू हाय, आन् झाड वाळतंय."

"तसंच समजा."

"आन् आपण झाडाला शिव्या घालतोय." शितलकडं बघणं त्यांनी टाळलं. मग एकदम दचकून म्हणाल्या, "पर चोकअप काढायला आम्ही नळीत ॲसिड सोडतो! पोरीला ॲसिड सोडणार का काय?"

मॅडमना हसू आवरेना. शितलही हसली. त्या दवाखान्यात ती पहिल्यांदाच हसत होती.

रक्त घेताना एकामागून एक नळ्या भरायला लागल्या, तशा मालनबाई सिस्टरवर गुरगुरल्या, "बास की बाई! पोरीत थोडं ऱ्हाऊ द्या."

रिपोर्टात एक गोष्ट निघाली. रक्त गोठवायला चिथावणारा काहीतरी दोष. नाव एवढं लांबलचक की ज्ञानेशनं मोबाइलवर फोटोच काढून ठेवला. पण मॅडम म्हणाल्या, एकदा आलं म्हणून लगेच खरं धरायचं नाही. साध्या तापानंही असं तात्पुरतं दिसतं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, तेव्हाही तेच आलं तर पक्कं. तोवर दिवस राहू द्यायचे नाहीत.

"बघा," मालनबाई म्हणाल्या, "तीन महिने थांबायची रीत यांच्यातबी हाय."

दुसऱ्या खेपेलाही तेच आलं. शितलला वाटलं होतं आपण रडू. पण रडू आलं नाही. उलट पाठीवरचं ओझं कुणीतरी हात देऊन उतरवावं तसं झालं. चालणं, जड उचलणं, अमावस्येला विहिरीवर जाणं, जे जे तिनं स्वतःच्या माथी मारून घेतलं होतं, ते गळून पडलं. आपलं काही चुकलं नव्हतं, हे तिनं खोलीवर येऊन भिंतीला सांगितलं. भिंतीनं ऐकलं. ज्ञानेशनंही ऐकलं. भाजी चिरायला बसला होता बिचारा, कांद्याचं निमित्त त्याला बरं सापडलं.

मॅडमनी बजावलं होतं: दिवस राहिल्याचं कळलं की त्याच दिवशी यायचं. गोळी आणि पोटावर रोजचं इंजेक्शन सुरू करायचं. शब्द देता येत नाही, पण असं केल्यावर पुष्कळ जणींच्या हातात बाळ आलंय. "आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत लपवायचं नाही, मावशी."

मालनबाईंनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, कुणाला कळलं नाही.

मग एका सकाळी पट्टीवर दोन रेघा उमटल्या. रीत म्हणत होती, गप बस. दृष्ट, दृष्ट, दृष्ट. तिनं बराच वेळ फोन हातात धरला, आणि शेवटी खुटबावचा नंबर लावला.

"आत्या, राहिलेत."

पलीकडं म्हैस हंबरली, बादली आदळली, फोन बंद.

दुपारच्या आत मालनबाई खोलीत हजर. गल्लीत पोचल्या तेव्हा सूनबाई भैयावर वांग्यांवरून तोफ डागत होती, ती त्यांनी कोपऱ्यावर थांबून पोटभर ऐकली. मग दार लोटून तिला पाटावर बसवलं, ओटी भरली, हिरवा खण ठेवला. त्यावर आणखी एक ठेवला. त्यावर आणखी एक.

"आत्या, तीन कशाला?"

"एक आत्ताची." मालनबाई नारळ सरळ करत बसल्या. "दोन ऱ्हायल्या व्हत्या माझ्याकडं."

शितलनं तिन्ही खण पदरात घट्ट धरले.

तशाच उठून दोघी शिरूरला गेल्या. दारात नवी सिस्टर होती. "पहिलटकरीण का?" तिनं विचारलं.

मालनबाईंचं तोंड सवयीनं उघडलं. उघडलेलं त्यांनी मिटलं, आणि सुनेला कोपरानं ढोसलं.

"सांग की. भैयापुढं तर लई चालतं."

"चौथं," शितल म्हणाली.