बाटलीतली गंगा

माझ्या सासूबाईंना लातूरच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये ऑक्सिजनवर ठेवलं होतं, तेव्हा त्यांच्या श्वासाचं निम्मं काम यंत्र करायचं आणि निम्मं मी. कौतुक मात्र सगळं नांदेडला जायचं. नांदेडला म्हणजे माझ्या नणंदेला. ती तिथं गोदावरीकाठच्या एका वस्तीत नांदते, आणि आईवर तिचा जीव आहे हे ती कुणाला विसरू देत नाही.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. जन्म चुलीपुढं गेलेला, त्यामुळं त्यांची छाती धुरानं भरलेली. थंडी पडली की दम लागायचा. त्या साली आमच्या औशाच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि लातूरला न्या म्हणून सांगितलं. आमच्या ह्यांना दुकान सोडून बसता येईना, म्हणून खाटेजवळच्या स्टुलावर मी बसले. शेजारी हवेतून ऑक्सिजन ओढणारं यंत्र घरघरत असायचं. त्याला पाण्याची एक बाटली जोडलेली. त्या पाण्यातून ऑक्सिजन बुडबुडत वर यायचा आणि नळीतून आत्याबाईंच्या नाकात जायचा. कोरडी हवा नाकाला सोसत नाही, म्हणून ते पाणी.

तिथल्या सिस्टरनं मला सगळं शिकवून ठेवलं होतं. बाटलीतलं शिळं पाणी रोज सकाळी टाकून द्यायचं, त्यात वरून भर घालायची नाही. बाटली साबणानं धुवायची, चांगली खळबळून निथळू द्यायची आणि मेडिकलमधून आणलेलं डिस्टिल्ड वॉटरच भरायचं. नाकातल्या नळीची टोकं स्वच्छ ओल्या फडक्यानं पुसायची. यंत्रामागची स्पंजाची जाळी धुवून वाळवायची. नाकाला तेल-तूप लावायचं नाही, आसपास उदबत्ती लावायची नाही. देवाची भांडी घासावीत तशी मी ती बाटली घासायचे. माझ्या माहेरी कुणी बघितलं असतं तर हसलं असतं, कारण तिकडं माझी ख्याती भांडी चुकवण्याबद्दल होती.

आत्याबाईंना मात्र त्याचं काही नसायचं. "सारखं काय धुवून राहिलीस? सोनं हाय का ते?" एवढंच त्यांचं म्हणणं. पलीकडच्या खाटेवर एक म्हातारे होते. त्यांची बायको बाटलीत नुसती भर घालत राहिली, आणि एके सकाळी सिस्टरनं ती बाटली उजेडात धरून सगळ्यांना दाखवली. आतून शेवाळल्यासारखी, बोट लावलं तर बुळबुळीत. "हे सगळं बाबांच्या छातीत जातंय, मावशी," सिस्टर म्हणाली. बिचारी बाई रडायलाच लागली. आत्याबाईंनी ते डोळे मोठे करून बघितलं आणि कूस बदलली. मला वाटलं, आता तरी म्हणतील, माझी सून बघा कशी ठेवते. कसलं काय! पिकतं तिथं विकत नाही.

आणि मग नणंद यायची. एसटीतून उतरून, केसातला गजरा न विस्कटता, पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. ती दारात दिसली की आत्याबाईंचा चेहरा दिवाळीसारखा उजळायचा. "माय आली माझी!" असं म्हणताना त्यांना दम लागत नसे. मी स्टुलावरून उठायचे, ती बसायची. ती आईचे पाय चेपायची, तेही सगळा वॉर्ड बघत असताना. मी त्या वेळी बाथरूममध्ये जाळी धूत असायचे आणि तिथं ते बघायला कुणी नसायचं. "लेक असावी तर अशी," पलीकडची बाई म्हणायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हिला काय जातंय, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं, असं मी मनात म्हणायचे, आणि मग दशमी खाताना ती आणखी चांगली लागायची म्हणून आणखीच राग यायचा.

एका रविवारी मी गच्चीवर स्पंज वाळत घालून आले, तर नणंद बाटलीत पाणी ओतून झाकण फिरवत होती. यंत्र बंद होतं. तिच्या मांडीवर तांब्याचा छोटा गडू, तोंडाला लाल फडकं बांधून आणलेला. आमच्याकडं गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात ते पाणी घालतात, हे मी जन्मापासून बघत आले. श्वासातून पाजलेलं मात्र पहिल्यांदाच बघत होते.

"ताई, असलं पाणी त्यात घालत न्हाईत," मी म्हणाले.

"असलं म्हंजी? गंगा हाय ती. पहाटं उठून घाटावरून आणलीय."

"सिस्टर रागावतील."

"तुला माझं कवा चाललंय का, वहिनी? आईसाठी काही केलं की तुझ्या पोटात दुखतंय."

दुखत होतंच. पण त्या घटकेला मला खरंच भीती वाटत होती, आणि दोन्ही इतकं एकात मिसळलं होतं की ओरडावं तर मत्सर दिसेल आणि गप्प बसावं तर बुळबुळीत बाटली डोळ्यांपुढं यायची. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटून गडूला हात जोडले होते. झालं, म्हटलं. लेकीनं विष आणलं असतं तरी ह्यांनी हात जोडले असते. सिस्टरला बोलवायला मी वळले, तेवढ्यात आत्याबाई लेकीला म्हणाल्या, "उन्हाची आलीस माय, आधी खाली जाऊन च्या पिऊन ये. तवर हिला मशीन चालू करायला लावते."

नणंद गेली, पलीकडच्या बाईलाही सोबत घेऊन. जिन्यावर दोघींच्या चपलांचा आवाज थांबला, तसे आत्याबाईंनी डोळे उघडले.

"गेली का?"

"गेली."

"मग बगत काय राहिलीस? बदल की बिगीनं. त्या पलीकडच्या बुवाच्या बाटलीसारखं व्हायचं हाय का मला?"

मी बाटली काढली. पाणी बेसिनमध्ये ओतवेना. गंगा मोरीत टाकायची नाही, हे मलाही लहानपणीच शिकवलेलं. जिन्याजवळच्या जास्वंदीच्या कुंडीत ते ओतलं, धावत जाऊन बाटली साबणानं धुतली, खळबळली, नवं पाणी भरलं. तेवढ्या वेळात आत्याबाई खाटेची कड धरून, श्वास मोजून घेत, दाराकडं नजर लावून बसलेल्या. यंत्र सुरू झालं, बुडबुडे आले, मी नळी नाकात बसवली. "तिला सांगू नको," त्या म्हणाल्या. "वाईट वाटंल तिला."

मला काय वाटेल, हा प्रश्न तिथं कुणी काढला नाही.

नणंद पदराला हात पुसत आली. "कसं वाटून राहिलं, आई?"

"लई हलकं बाई. छातीत गार गार उतरून राहिलंय. गंगेची गोष्टच येगळी."

मी त्या बाटलीकडं बघत उभी. हातांना अजून साबणाचा वास येत होता. नणंदेमागून आलेल्या पलीकडच्या बाईनं बुडबुड्यांना नमस्कार केला आणि नणंदेपुढं ओंजळ धरली. "ताई, जराशी आमच्या ह्यांच्या बाटलीत बी घाला ना." नणंदेनं गडू उचलला. मी काही बोलणार, एवढ्यात आत्याबाई घाईनं म्हणाल्या, "छे छे, तसं चालत न्हाई. ते लेकीनं आईलाच घालायचं असतंय. दुसऱ्याला बाधतंय." असला नियम कुठल्या शास्त्रात आहे देव जाणे, पण त्या बाईनं हात मागं घेतला आणि नणंदेनं डोळ्याला पदर लावला. लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथं लेकीशी गोड बोलणं चाललं होतं, आणि ते मला लागत होतं.

ती संध्याकाळच्या गाडीला गेल्यावर मला राहवलं नाही. "आत्याबाई, बाटली धुवायची मी आणि नाव तिचं, हे कुठलं हो?"

त्यांना खरंच नवल वाटल्यासारखं दिसलं.

"अगं, ती जाणारी हाय. तिला गोड बोलूनच लावून द्यावं लागतंय, न्हाई तर नांदेडपस्तोर रडत जाईल. तू कुठं जाणार हायस?"

आता यंत्र आमच्या औशाच्या घरी आहे, आणि त्यांची खाट खिडकीशी. सकाळी मी बाटली धुते, फडक्यावर पालथी घालते, पाणी भरते. त्याच सुमाराला नांदेडहून फोन येतो. "आई, घातली का गंगा बाटलीत?" मागच्या खेपेला आणलेला गडू देवघरात भरलेला आहे, तुळशीला रोज त्यातलं थोडं घालते. आत्याबाई माझ्या हातातल्या बाटलीकडं बघतात आणि फोनमध्ये म्हणतात, "हाव माय, घातली. तुझ्याच पाण्यावर जगून राहिले."

फोन ठेवून त्या डोळे मिटतात आणि नाक माझ्यापुढं करतात. मी बाटलीत काय भरलंय, हे त्या कधी विचारत नाहीत. याचा अर्थ मला कळतो, मी काही खुळी नाही. तरी रोज नळी बसवताना वाटतं, एकदा आपणही पिशवी उचलून कुठंतरी जावं, आणि तिथून फोन करून स्वतःविषयी दोन गोड शब्द ऐकावेत. पण मग बाटली कोण धुणार?