आईला स्टेक फार आवडला होता म्हणे

नाही, ती लकी वगैरे नव्हती. काढा तो शब्द.

आज आईचा तो हॉटेलातला फोटो मेमरीत वर आला आणि सकाळपासून कॉमेंट्समध्ये तुमचं चालूच आहे. "काकू किती लकी, पोरांनी फाइव्ह स्टारला नेलं." "शेवटची ॲनिव्हर्सरी तरी झकास झाली ना." हार्ट. जोडलेले हात. परत हार्ट.

थांबा जरा.

मागच्या वर्षी आजच्या तारखेला आईबाबांच्या लग्नाला तीस वर्षं झाली. मी आणि माझ्या धाकट्या भावाने, निखिलने, अंधेरीच्या एका हॉटेलात स्टेक बुफे बुक केला. दुपारचा.

चार महिन्यांनी आई गेली. भांडुपच्या घरी, भाजी निवडता निवडता.

बुफे म्हणजे आपापलं घ्यायचं आणि खायचं.

पण आमच्याकडे आई वाढते. सगळ्यांचं झालं की मग बसते. गणपतीला घर भरलेलं असो, नाहीतर आम्ही चौघंच असो. तिला असं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

नको करू, असंही कुणी सांगितलं नव्हतं.

तिथे लाइव्ह काउंटर होता. ग्रिलवर मांसाचे मोठमोठे तुकडे चुरचुरत होते. बाबांनी शेफला हळूच विचारलं, "बड्याचं नाय ना रे हे? बीफ?"

"नाही काका, लॅम्ब आहे. मीडियम करू की वेल डन?"

बाबांनी आईकडे बघितलं. आई मध्ये पडली, "नीट शिजवून द्या हो यांना. दात हलतायत यांचे."

"अगो, माझे दात काय मेनूत आसत काय?"

शेफ हसला. आम्ही हसलो. लाइनमधली मागची बाईपण हसली.

मग आई कामाला लागली.

आधी बाबांची प्लेट. मग निखिलची. मग माझी. बाबांना सॉस कमी पडला. निखिलला अजून एक पीस हवा होता. मला ते मॅश्ड पोटॅटो. नवी साडी, पदर खोचलेला, हातात दुसऱ्याची प्लेट, आणि त्या गुळगुळीत लादीवर तिच्या फेऱ्या.

मी रील शूट करत होते.

एकदा म्हटलं मी. "आई, बस ना गं. खा ना." फोनमधून मान वर न काढता.

"खातंय गो. तुमी खावा."

परत येताना टॅक्सीत बाबांनी विचारलं, "कसो लागलो गो?"

"मऊ होतो. लोण्यासारखो."

बस. बाबांनी ते वाक्य धरून ठेवलं. दहाव्याला आलेल्या प्रत्येक माणसाला सांगत होते. "तिका स्टेक लय आवडलो. आयुष्यात एकदा तरी ती आयती बसून जेवली."

आता ऐका.

माझ्याकडे त्या दिवसाचा एक व्हिडिओ आहे. डेझर्ट आणायला उठताना मी फोन ग्लासला टेकवून ठेवला आणि रेकॉर्डिंग बंद करायला विसरले. आईचा आवाज असलेला हा एकच व्हिडिओ; रीलवर मी गाणं टाकलं होतं. एरवी कॅमेरा काढला की ती "माका नको" म्हणून तोंड फिरवायची.

ती गेल्यावर मी तो कितीतरी वेळा नुसता ऐकला. मग एकदा नीट बघितला.

टेबलावर कुणी नाही. आम्ही तिघंही डेझर्टकडे. मागे आई, हातात कोरी प्लेट घेऊन काउंटरपाशी. शेफ ग्रिल झाकतोय. वेळ संपली. तो काहीतरी बोलतो, हात जोडतो. आई मान हलवते. हसते. त्याला वाईट वाटू नये म्हणून हसते.

टेबलाशी येते. बसते.

माझ्या प्लेटमध्ये कडेची चरबी तशीच पडलेली. मला फॅट नको असतं.

ती इकडेतिकडे बघते. माझी प्लेट पुढे ओढते. हाताने खाते. मग निखिलच्या प्लेटमधलं. मग प्लेटा एकावर एक रचते, कोरी सगळ्यात खाली.

वेटर येतो. त्याला म्हणते, "घेऊन जावा. झालां माझां."

हाच तो आवाज.

आईचा तो हात आता मला कुठेही दिसतो. ऑफिसच्या कँटीनमध्ये, मॉलच्या फूड कोर्टात. कुणी उठून गेलं की त्या उष्ट्या ताटाकडे सरकणारा. मी पटकन दुसरीकडे बघते. तिथेही असतो.

निखिलला दाखवला. त्याने तो शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाला, "डिलीट कर. बाबांनी बघितलं तर संपतील ते."

बाबांना मी त्यातले नुसते पहिले दहा सेकंद पाठवले होते. त्यात फक्त माझी प्लेट आहे. मोतीबिंदूमुळे त्यांना तेही धड दिसत नव्हतं.

गेल्या महिन्यात ऑपरेशन झालं. आज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत बसलेत. म्हणाले, "तो पुरो व्हिडिओ टीव्हीवर लाव. आता दिसता माका. तिका खाताना बघूचा आसा."

निखिल किचनच्या दारातून खुणा करतोय. डिलीट. डिलीट कर यार. करप्ट झाला म्हणून सांग.

बोट दोनदा तिथे गेलं माझं.

नाही केला.

आधी सांगणार आहे. बाबा, ती जेवली नव्हती. तिने माझं उष्टं खाल्लं. मग लावणार आहे. सकाळपासून हे तोंडातून निघत नाहीये, म्हणून आधी इथे लिहून बघितलं.

आई, नमस्कार करते गं.

बाबा हाक मारतायत. कॉमेंट्स बंद केल्यात मी. जाते.