पाच थर खाली

सकाळचे सात वाजून तीस मिनिटं. एली गुबार पुलाखालच्या शेवटच्या पायरीवर उकिडवा बसून लोझ नदीची मोजपट्टी वाचतो आहे. त्रेचाळीस. आकडा खिशातल्या वहीत जातो, मग पंचायत कचेरीच्या दाराशेजारच्या काळ्या फळ्यावर खडूने.

कोर्मेझमध्ये हे काम एकेचाळीस वर्षं त्याच्याकडे आहे. नदीचा आकडा, रस्त्याकडेचं गवत, दफनभूमीचं फाटक, चर्चच्या घड्याळाची चावी, तुंबलेली गटारं. दोनशे चौदा माणसांच्या गावात पंचायतीचा कामगार एकच, तो एली. वय बासष्ट. येत्या वसंतात निवृत्ती, आणि त्यानंतर लेकीच्या घरी मुक्काम. नोएमी आणि तिचा नवरा रेजिस खालच्या कुरणात घर बांधताहेत. जोतं झालं आहे, भिंती कमरेपर्यंत आल्या आहेत. नदीच्या बाजूची खोली एलीची. तिथून मासे उडी मारताना दिसतील, असं त्याने सगळ्या गावाला सांगून झालं आहे.

नऊ वाजता जिल्हा कचेरीची गाडी आली. माएल नावाची तरुण मोजणीदार उतरली. जिल्हा पुराचा नवा नकाशा करतो आहे आणि त्यासाठी गावोगावच्या जुन्या खुणा मोजायच्या आहेत. कोर्मेझची खूण धुण्याच्या पडवीत आहे. पूर्वी बायका जिथे गुडघ्यांवर बसून कपडे धूत, त्या दगडी पडवीच्या मागच्या भिंतीत एक कोरलेला दगड आहे. आडवी रेघ आणि खाली अक्षरं: पाणी इथवर आलं, २५ सप्टेंबर १८६६.

माएलने मोजणीयंत्राची तिपाई लावली. एलीने मोजणीची काठी धरली.

"सरळ धरा, मस्यो गुबार."

"काठी सरळच आहे. वाकलीय ती पाठ."

फरशीपासून रेघ एक मीटर बारा सेंटिमीटरवर भरली. माएलने आकडा नोंदवला, यंत्राच्या पडद्यावर काहीतरी पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"खाली ओर्बी गावच्या गिरणीवर याच पुराची खूण आहे. त्या हिशेबाने इथे पाणी सव्वा मीटर आणखी वर हवं होतं."

"ओर्बीची माणसं मासासुद्धा दोन्ही हात पसरून सांगतात."

ती हसली. "असेल. हा दगड कधी हलवला होता का?"

"नाही," एली म्हणाला.

दर सप्टेंबरात वारसा दिन असतो. त्या दिवशी एली पाहुण्यांना ही पडवी दाखवतो आणि सांगतो की भिंत तीच, दगड तोच. इतक्यांदा सांगितलेलं उत्तर विचार न करताच बाहेर आलं. माएल तिपाई मिटायला लागली. सवयीने एलीने दगडाभोवतीची धूळ हाताने पुसली.

भिंतीतल्या बाकी दगडांमधल्या दरजा चुन्याच्या. पांढऱ्या, नखाने खरवडल्या जाणाऱ्या. या दगडाभोवतीची दरज राखाडी सिमेंटची होती, आणि तिच्यावरून थापी फिरलेली नव्हती. ओल्या मालावर अंगठा ओढला की उमटते तशी पन्हळ होती. एलीने अंगठा त्यात ठेवला. तो नेमका बसला.

एली मागे वळला. रस्ता ओलांडून कॅफेत गेला.

कॅफेवाली यवेत कप विसळत होती. "काय रे, सकाळी सकाळी प्यायचीय? सरपंच सोलांजने पाहिलं तर फळ्यावर आकड्याऐवजी तुझं नाव लिहील."

"तो फोटो दे."

"धुणाऱ्या बायकांचा? तुझी पणजी आहे त्यात म्हणून आता हक्क सांगायला आलास?"

"दे, यवेत."

यवेतने त्याचा चेहरा पाहिला, हात पुसले आणि खिळ्यावरची चौकट काढली. मागे भिंतीवर फिकट चौकोन राहिला. हे १९०८ सालचं पोस्टकार्ड गावातल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. पडवीत सहा बायका उभ्या आहेत. एकीच्या डोक्यावर कपड्यांची टोपली आहे. मागच्या भिंतीत, छपराच्या वाशाखाली, कोरलेला दगड आहे.

"टोपलीच्याही वर आहे," यवेत म्हणाली. मग चौकटीची काच पुसत, "चाळीस वर्षं मी याच्यासमोर कप धुतेय."

१९८४ साली पडवीचं छप्पर खचलं होतं. दुरुस्ती बातिस्तँ गवंड्याकडे गेली आणि हाताखाली एकवीस वर्षांचा एली. मागच्या भिंतीचा वरचा भाग उतरवून पुन्हा बांधला. वारसा दाखवण्याचं नवं वारं होतं. उद्घाटनाला शाळेतल्या मुलीने दगडावरची अक्षरं मोठ्याने वाचायची असं ठरलं होतं, पण वाशाखालचं लिखाण मुलांना दिसेना. "जे वाचता येत नाही ते लिहिलं कशाला?" बातिस्तँ म्हणाला. "पोरांच्या डोळ्यांसमोर आण." एलीने आणला. चुना संपला होता म्हणून सिमेंट वापरलं. अंगठा फिरवला म्हणून शिव्याही खाल्ल्या. उद्घाटनाला टाळ्या पडल्या. दगड खाली आला हे तेव्हा बऱ्याच जणांना माहीत होतं. त्याच्याबरोबर पाणीही खाली आलं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. चौदा वर्षांनी जिल्ह्याने पहिला नकाशा केला तेव्हा बातिस्तँ वारला होता, आणि एलीने तेव्हाही अशीच काठी धरली होती. त्या नकाशावर खालचं कुरण कोरडं आहे. मागच्या वर्षी तिथे सात घरांना परवानगी मिळाली.

एली चौकट घेऊन पडवीत परतला आणि भिंतीतले दगडांचे थर मोजले. फोटोतल्या दगडाखाली आजच्यापेक्षा पाच थर जास्त. एक थर सव्वीस सेंटिमीटरचा. नोएमीच्या घराची फरशी त्याने स्वतः रेघेपेक्षा वीस सेंटिमीटर वर घ्यायला लावली होती, काळजी म्हणून. म्हणजे त्या पुराचं पाणी तिच्या फरशीवर एक मीटर दहा. त्याच्या खोलीच्या खिडकीचा उंबरा नव्वदवर आहे.

माएलची गाडी सुरू झाली होती. गप्प राहिलं असतं तर ती ओर्बीला जाऊन गिरणीची खूण चुकीची म्हणून लिहिली असती. एलीने बॉनेटवर हात ठेवला.

"हलवला होता," तो म्हणाला. "मीच."

तिने इंजिन बंद केलं.

पावणेबाराला ती दोघं कचेरीत होती. सरपंच सोलांज व्हेर्ने टेबलावरचं पोस्टकार्ड बघत होती. १९८४ साली अक्षरं वाचणारी शाळकरी मुलगी तीच.

"तुला खात्री आहे?"

"सिमेंट माझं आहे, सरपंचबाई."

एकेचाळीस वर्षांत त्याने तिला सोलांज सोडून दुसऱ्या कशाने हाक मारली नव्हती. तिने मान वर केली.

"टाचासुद्धा उचलाव्या लागल्या नव्हत्या मला," ती म्हणाली. "आईने कौतुक केलं होतं, किती स्पष्ट वाचलंस." मग तिने विचारलं, "नोएमीला सांगितलंस?"

"आधी इथे आलो."

"का?"

"तिच्याकडे आधी गेलो असतो तर इथे आलो नसतो."

नोएमी आणि रेजिस कुरणातल्या अर्ध्या भिंतीवर बसून डब्यातलं खात होते. लोझ तिथून साठ पावलांवर आहे आणि त्या दुपारी तिचा आवाजही येत नव्हता.

"बाबा, खिडकी अजून मोठी हवीय का? आता नाही हं. रेजिस ऐकणार नाही."

एलीने पोस्टकार्ड तिच्या हातात दिलं आणि रेघेवर बोट ठेवलं. नोएमीने फोटो पाहिला, मग पडवीकडे पाहिलं. डबा हळूच खाली ठेवला.

"ही टोपली डोक्यावर आहे ना?"

"हो."

"आणि ही बाई उभी आहे. बसलेली नाही."

"उभी आहे."

रेजिस उठला, अर्ध्या भिंतीला हात लावून उभा राहिला आणि पाण्याची उंची शोधत असल्यासारखा हात वर नेऊ लागला. छातीपाशी एली म्हणाला, "तिथे." हात तिथेच राहिला.

"उद्या विटांची गाडी येणार आहे," नोएमी म्हणाली. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता.

"फोन कर. थांबव."

"तुम्ही बांधलंत ना हे जोतं. आमच्याबरोबर, दोन्ही हातांनी."

"हो."

तिने पोस्टकार्ड परत दिलं. फोन रेजिसने केला.

दुपारी चारला कचेरीच्या दारावर कागद लागला: खालच्या कुरणातली सातही बांधकामं फेरमोजणी होईपर्यंत बंद. लोक वाचायला थांबले. त्यांच्यातले निम्मे तिथून पडवीत गेले आणि दगडासमोर नुसतेच उभे राहिले. संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या फेलिसीने एवढंच म्हटलं की लहानपणी ती रेघ बघायला मान वर करावी लागे. आपण उंच झालो असू, असं तिला वाटलं होतं.

एलीच्या वहीत त्या दिवशी एकच आकडा आहे, त्रेचाळीस. फेरमोजणीसाठी माएल उद्या नऊ वाजता येणार आहे. तोवर फळ्यावर नवा आकडा असेल, कारण एली पुलाखाली उतरतो तो साडेसातला.