मालकाला काय सांगाल?

आमचे डॉक्टर गोठ्यात शिरले की आधी जनावराकडं बघायचे नाहीत, मालकाकडं बघायचे. गाय आडवी पडलेली, पोट फुगलेलं, घरात धावपळ, आणि हे दारात उभे राहून माझ्या तोंडाकडं बघतायत. आमच्या अवसरी गावात त्यांना नावच पडलं, मालकडॉक्टर. "ढोरासाठी डॉक्टर आणला, तर ह्यो आपलीच नाडी बघतोय," असं माझा चुलता म्हणायचा. डॉक्टर हसायचे. "अहो, औषध ढोराला लागतं, धीर मालकाला लागतो. दोन्ही बरोबर आणायला नकोत?"

आमची कपिली गाय पडली तेव्हा ते गव्हाणीवर बसले. मग म्हणाले, "भाऊ, ही उठायची नाही. घरच्यांना एकदा येऊन जाऊ दे." एवढंच. आईनं येऊन हळदकुंकू लावलं, भाकरीचा घास पुढं केला. कपिलीनं तो खाल्ला नाही, नुसता चाटला. त्या एका वाक्यानं आम्हाला तेवढा निरोप तरी घेता आला. गाय गेली, पण मनाला रुखरुख राहिली नाही.

पुढं ते जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात शिकवायला गेले. रिटायर होऊन गावात परतले तरी विद्यापीठाचे पेपर काढायचं काम त्यांच्याकडं होतंच. मी चौथी शिकलेला माणूस, पण त्यांच्या पेपरातला शेवटचा प्रश्न मला पाठ होता. वरचं सगळं इंग्रजी, शेवटी एक ओळ मराठीत: 'जनावर वाचणार नाही. मालकाला काय सांगाल?' दर साली हाच प्रश्न. पोरांना आधीपासून माहीत, तरी निम्मी त्यातच पडायची. कुणी रोगाचं लांबलचक नाव लिहायचा, कुणी सुयांची यादी. एका पोरीनं लिहिलं होतं, 'आधी बसायला पोतं मागेन.' डॉक्टरांनी तिला पैकीच्या पैकी दिले आणि ते सांगायला बांधावरून हाका मारत माझ्याकडं आले.

मग परीक्षा कंप्युटरवर न्यायचं ठरलं. प्रश्न एक, उत्तरं चार, त्यातलं बरोबर एक. वहीबिही काही नाही, बोटानं टिचकी मारायची. डॉक्टर त्या शेवटच्या प्रश्नाची चार उत्तरं घेऊन माझ्या ओट्यावर आले. "भाऊ, तुम्ही मालक. सांगा, यातलं बरोबर कोणतं? अ, सुई देऊन बघतो. ब, वाचणार नाही. क, देवाच्या हातात आहे. ड, घरच्यांना येऊन जाऊ दे."

मी म्हणालो, "कुणाला सांगायचंय त्याच्यावर हाय. शिनोलीच्या माझ्या बहिणीला 'ब' सांगितलं तर ती तिथंच मटकन बसंल. चुलत्याला 'क' सांगितलं तर तो म्हनंल, मग तू कशाला आलास?"

"मशीनला एकच पाहिजे."

"मग मशीनला न्या की गोठ्यात!"

मला वाटलं, आता हा माणूस विद्यापीठाशी भांडेल. पण नाही. त्यांचं म्हणणं वेगळंच. आहुप्याकडचं डोंगरातलं पोर निकालासाठी महिनोन्महिने ताटकळतं, पेपरांचे गठ्ठे गहाळ होतात. "मशीन अक्षर बघत नाही, आडनाव बघत नाही, भाऊ."

"आडनाव बघत न्हाई, तर मालकबी बघनार न्हाई," मी म्हणालो. पुढं परीक्षेच्या पुण्यातल्या बैठकीत डॉक्टरांनी कंप्युटरच्या बाजूनं हात वर केला. परत आले ते थेट माझ्याकडं. चहा गार झाला तरी कप उचलला नाही. म्हणाले, "तो प्रश्न पेपरातून काढून टाकला." घरातलं जनावर बाजारात सोडून आल्यासारखे दिसत होते. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

त्यानंतर ते खचलेच. अंथरुण धरलं, आणि शेवटी दवाखान्यानंही हात टेकून घरी पाठवलं. मी उशाशी बसलो होतो, त्यांची बायको, आमच्या वहिनी, आत पेज करत होत्या. डॉक्टर हळूच म्हणाले, "भाऊ, आत मालकीण आहे. काय सांगाल?"

"चार उत्तरं द्या की राव, टिचकी मारतो," मी म्हणालो. ते हसले आणि खोकले. मग हातानं आतलं दार दाखवलं.

मी गेलो. चुलीपाशी उभा राहिलो. वहिनींनी माझ्या तोंडाकडं बघितलं, अगदी डॉक्टर बघायचे तसं. पातेलं खाली उतरवलं. "पोरांना येऊन जाऊ दे, असंच ना?" त्या म्हणाल्या. मी नुसती मान हलवली.

परत आलो तर डॉक्टरांनी विचारलं, "सांगितलं?"

"व्हय."

माझ्या तोंडाकडं बघत ते म्हणाले, "खोटं. तिनंच सांगितलं असेल. बसा."

पोरं पोचली, भेटली. मग डॉक्टर गेले.

आता माझ्या गोठ्यात येतात ती कंप्युटरवर पास झालेली पोरं. हुशार आहेत, खोटं कशाला बोलू? सुई बरोबर जागी देतात, हात हलका आहे. दारातून शिरतात ते थेट जनावराकडं जातात, आणि काम झालं की मोबाइल बघत गाडीकडं. मी मुद्दाम दारात, त्यांच्या वाटेत जाऊन उभा राहतो. "बाबा, जरा सरका," म्हणतात. मी सरकत नाही.