अप्पांकडे ठेवायला दिलेले देव

आमच्या अप्पांचा देवावर विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट तंजावुरात कुणापासून लपून राहावी अशी त्यांची इच्छाही नव्हती. कचेरीत ते संघटनेचे पुढारी होते. घरात देव होते ते आईचे, म्हणजे स्वयंपाकघरातल्या फळीवर दोन तसबिरी आणि एक पितळी दिवा. कुळाचे खरे देव थोरल्या काकांकडे होते.

मग काकांचा मुलगा कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेला आणि त्यानं आईवडिलांना बोलावून घेतलं. जायच्या आधी काका ऑटोतून आमच्या कॉलनीतल्या नव्या घरी आले. मांडीवर तांब्याचं तबक, त्यावर धुतलेला पंचा.

"थोडे दिवस ठेव," ते अप्पांना म्हणाले. "आम्ही परत आलो की नेतो."

"अण्णा, मी यातलं काही मानत नाही, तुम्हांस ठाऊक आहे."

"मानू नकोस. आंघोळ तेवढी घाल."

देव ठेवायचे कुठे, हा प्रश्न आला. हॉलमध्ये अप्पांनी हौसेनं एक कोनाडा बांधून घेतला होता, येणाऱ्या रंगीत टीव्हीसाठी. तो नेमका पूर्वेकडे तोंड करून होता. टीव्ही आला तेव्हा तो स्टुलावर बसला आणि कोनाड्यात देव. टीव्हीसाठी ठेवलेल्या प्लगवर छोटा लाल दिवा लागला.

पूजा आपणच करायची, असं आईनं धरून चाललं होतं. अप्पांनी तिला थांबवलं.

"अण्णांनी माझ्यावर सोपवलंय. मी करतो."

पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्या देवांना एकत्रच चिंच लावली, भांडी घासावीत तशी. "अहो, चांदीला विभूती लावतात," असं आई दारातून म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून विभूती आली. मग मडीची वेष्टी, म्हणजे सोवळ्याचं धोतर, आलं. तमिळ शाळांत शिकलेल्या आम्हां कुणाला मराठी आरती देवनागरीत वाचता येत नव्हती, म्हणून ती तमिळ अक्षरांत उतरवून भिंतीला चिकटवली गेली. आंघोळ न करता कोनाड्याच्या बाजूनं गेलं तर अप्पा खाकरायचे. संघटनेच्या सभा आता पूजा आटोपल्यावर सुरू होऊ लागल्या.

नवरात्रात शेजारच्या मामी आमचा कोलू बघायला आल्या. बाहुल्यांच्या पायऱ्या बघून झाल्यावर त्या कोनाड्यापाशी वाकल्या. तिथं चांदीच्या टाकावर घोड्यावर बसलेला देव होता.

"ऐयनार का?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं. घोड्यावरचा देव म्हटला की आमच्याकडे वेशीवरचा ऐयनारच आठवतो.

"ऐयनार नव्हे, खंडोबा!" अप्पा इतक्या जोरात म्हणाले की मामींच्या हातातली हरभऱ्याच्या सुंडलची वाटी हलली. "आमचा कुळदेव. जेजुरीचा."

जेजुरी आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. देव आले त्या दिवशी हाच टाक हातात धरून, "हा कोण?" असं अप्पांनीच आईला विचारलं होतं. आईनं मामींना आणखी सुंडल वाढलं.

दोन वर्षांनी काका-काकू महिनाभरासाठी आले. जेवण झालं, पान झालं, आणि काकांनी विषय काढला.

"देव नेतो आता."

"तिथं दिवा लावता येतो का, अण्णा?"

"नाही रे. धूर झाला की घंटा वाजते. बॅटरीचा लावायचा."

"आणि फुलं?"

"दुकानात मिळतात. नेहमी नाही."

अप्पांनी पानाचा डबा बाजूला सारला. मग म्हणाले, "राहू द्या इथंच."

"अरे, तू तर मानत नाहीस!"

"मी मानत नाही तो माझा प्रश्न. त्यांना का उपाशी ठेवायचं?"

काका चिडले. थोरलेपण कुणाचं, इथपर्यंत गोष्ट गेली. अप्पांचे डोळे भरून आलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले, आणि बहुधा काकांनीही. काका उठले, कोनाड्यासमोर साष्टांग नमस्कार घातला आणि म्हणाले, "ठेव बाबा. मी कुंभकोणमला नवे घेतो."

निघताना काकूंना कुंकू लावायला आई त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेली. मी तिथंच कॉफीचे पेले विसळत होते.

"बरं झालं गं," काकू हळूच म्हणाल्या. "तिथं रोज त्यांना आंघोळ कोण घालणार? ह्यांनी इथं असताना कधी घातली होती? मीच घालत होते."

आईनं त्यांच्या ओटीत नारळ घातला. बाहेर अप्पा काकांना ऑटोत बसवून देत होते, आणि दोघं भाऊ नव्या मूर्ती पंचधातूच्या घ्याव्यात की पितळेच्या, यावर गंभीरपणे बोलत होते.