पडवीतला स्पीकर

मेहुण्याने निमगाव सावाहून त्याचा नवा रिसीव्हर आणला, तेव्हा मी बघताक्षणीच पाघळलो. रिसीव्हर म्हणजे होम थिएटरचा तो डबा, टीव्हीचा आवाज चारी बाजूंच्या स्पीकरांना वाटून देणारा. आमचा जुना उचलायला दोन माणसं लागतात, आणि तो तापला की मांजर त्याच्यावर चढून झोपतं. नवा हलका, मोबाइलवर चालणारा.

"दाजी, चार दिवस वापरा," मेहुणा म्हणाला. "पसंत पडला तर ठेवा, तुमचा जुना मला द्या. लई दम हाय जुन्यात."

नवा जोडला, एक हाणामारीचा सिनेमा लावला. भिंतीवरचं घड्याळ थरथरलं. मी जाम खूश. बायको मात्र म्हणाली, "ते ठीक हाय, पण आईंच्या स्पीकरचं काय?"

जुन्याला मागे स्पीकरची एक जादा जोडी लावायची सोय होती. तिथून मी पडवीपर्यंत वायर ओढली होती. संध्याकाळी आई पडवीत वरई निवडत बसते आणि मालिका ऐकते. नुसती ऐकते. सासू, सून, वकील, सगळे तिला आवाजावरून पाठ. नव्या डब्याला ती सोयच नव्हती.

खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. बाबा गेल्यापासून आई घरात टेकतच नव्हती. ती आमच्यात येऊन बसावी, एवढंच मला हवं होतं. आता तिला यावंच लागणार होतं. मालिकेच्या वेळेला मी तिला हाताला धरून आत आणलं आणि सोफ्यावर बसवलं.

ती थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ही व्हय ती सासू? एवढीशी? मला वाटलं व्हतं, चांगली थोराड बाई आसंल."

आम्ही पोट धरून हसलो. तीही हसली. पण तिचे हात रिकामे होते, आणि ती सारखी पदराचं टोक पिळत होती. जाहिराती लागल्या तशी ती उठली.

"मला न्हाई जमायचं, बाळा. हितं नुसतं बसलं का तुझ्या बाची जागा दिसती. भाईर हाताला काम आसतं."

बाबा बसायचे त्या सोफ्याच्या टोकाला आम्हीही कुणी बसत नव्हतो, हे तेव्हा लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी मी जुना रिसीव्हर पुन्हा जोडला आणि मेहुण्याला फोन केला. "येडे का काय, दाजी?" तो म्हणाला. असेन.

त्या संध्याकाळी मालिका सुरू झाली तसा मी पडवीत जाऊन आईशेजारी बसलो. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, सरकून जागा केली आणि वरईचं ताट माझ्यापुढे ढकललं.

"आलाच हायस तर खडं काढ."