नागसेनची एकच सीट

परतवाड्याच्या जीप स्टँडवर नागसेन तायडेचा आवाज ऐकला नाही असा माणूस सगळ्या मेळघाटात सापडणं कठीण. "धारणी, धारणी, एकच सीट" असं तो ओरडायचा तेव्हा जीपमध्ये ड्रायव्हरसुद्धा बसलेला नसायचा. पण हे खोटं तो इतक्या इमानदारीनं बोलायचा की माणूस धापा टाकत येऊन बसायचा. बसल्यावर आजूबाजूला जागाच जागा पाहून त्यानं तोंड उघडावं, तोवर नागसेननं त्याची पिशवी टपावर नेऊन बांधलेली असायची.

स्टँडची एक रीत होती. रिकाम्या गाडीत पहिलं कोणी चढत नाही. म्हणून आधी आपलीच माणसं बसवायची, पिशवी मांडीवर आणि तोंडावर लांब निघाल्याचा भाव. खरी सवारी आली की त्यांनी एकेक करून "आमाले इथंच उतराचं हाय" म्हणत खाली यायचं. नागसेनची आई दुर्गाबाई, गंगूमावशी, धाकटी बहीण पायल, सगळ्यांनी हे काम केलं होतं. फक्त वडील शेषराव कधी बसले नाहीत. जंगल खात्यात वनरक्षक म्हणून त्यांनी आयुष्य काढलं होतं, गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि ही सरळसरळ फसवणूक आहे असं त्यांचं मत होतं. स्टँडवरून जाताना ते रस्ता ओलांडून पलीकडून जायचे.

पायलला मात्र हे काम आवडायचं, कारण त्यात बोलावं लागत नसे. पोरगी डोक्यानं तल्लख, बी.कॉम.ला गावातल्या कॉलेजात पहिली आलेली, पण परक्या माणसासमोर बोलणं तिला जमत नसे. शाळेत हजेरीला तिच्या वतीनं शेजारची पोरगी ओ द्यायची. तिला अमरावतीच्या एका खाजगी कॉलेजात एमबीए करायचं होतं. मनापासून करायचं होतं, आणि हे घरात सांगायलाही तिनं अख्खा उन्हाळा घेतला.

शेषरावांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. शिक्षणाला त्यांचा विरोध नव्हता. त्यांच्या घरात बाबासाहेबांचा फोटो नुसता हार घालायला लावलेला नव्हता. पण थोरली भावना नागपूरला होस्टेलवर असताना टायफॉइडनं फणफणत पडली होती आणि घरी कोणी कळवलंही नव्हतं. पोरगी वाचली, पण त्या दिवसापासून बापाच्या मनानं जे घेतलं ते घेतलंच. होस्टेल नाही आणि एकटीनं रोजचं जाणं-येणं नाही. फार झालं तर सोबत घरचं माणूस हवं.

"मंग मीबी शिकतो एमबीए. त्यात काय हाय?" नागसेन म्हणाला. तो मुक्त विद्यापीठातून कसाबसा बी.ए. झाला होता, म्हणजे कागदोपत्री अडचण नव्हती. शेषराव म्हणाले, दोघांचं नाव लागलं तर दोघं जा, नाही तर दोघं घरी.

झालं, दुसऱ्याच दिवशी नागसेननं कार्डं छापून आणली. "नागसेन शेषराव तायडे, एमबीए (होणार)." स्टँडवर पेढे वाटून झाले. पानवाल्यानं त्याला साहेब म्हणायला सुरुवात केली आणि त्यानं म्हणू दिलं. लेखी परीक्षा दोघांनीही दिली, पायल चांगली पास झाली आणि नागसेन काठावर. उरली मुलाखत. तीही बंद खोलीत नव्हे, तर हॉलमध्ये, सगळ्यांसमोर उभं राहून. आपल्याला का घ्यावं हे ज्यानं त्यानं पटवून द्यायचं.

पायलचं स्वतःचं बोलणं अवघड होतंच, पण तिचं सगळं आता भावाच्या तोंडावर अवलंबून होतं, आणि ते तोंड तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं त्याला काय बोलावं, काय बोलू नये ते समजावलं. तो मान डोलावत मोबाइल पाहत होता.

"तू फिकर नोको करू," तो शेवटी म्हणाला. "एवढे लोकं बसवले म्या गाडीत. चार मास्तर नाई बसवता येत?"

मुलाखतीच्या दिवशी तो कोट घालून आला. कोट जीप चालवणाऱ्या खुशालरावांच्या लग्नातला होता, आणि खुशालराव लग्नात आताच्यापेक्षा बरेच बारीक होते. नागसेन त्यात जेमतेम मावला होता, हात वर करायची सोय नव्हती. नाव पुकारल्यावर तो मंचावर गेला आणि समोर बसलेल्या मास्तर लोकांकडे त्यानं अशा नजरेनं पाहिलं की जणू त्यांनाच प्रवेश हवा असावा.

त्यानं सुरुवातच अशी केली की पुण्याची दोन आणि नागपूरचं एक कॉलेज आपल्या मागं लागलेलं आहे, पण अमरावती जवळ पडते म्हणून तुम्हाला पहिला मान. विचार करायला फार वेळ नाही, एकच सीट राहिली. मुलाखत घेणाऱ्या मंजुषा मॅडमनी विचारलं, कुणाची सीट? तर तो म्हणाला, तुमची. व्यवस्थापनाचा अनुभव विचारल्यावर त्यानं छाती काढून सांगितलं की दहा जणांच्या गाडीत आपण अठरा बसवतो, घाटातून नेतो, आणि अजून एकही माणूस सांडला नाही. हे बेकायदेशीर आहे याची मॅडमनी आठवण करून दिली. तो म्हणाला, म्हणून तर व्यवस्थापन लागते. एवढं बोलून तो जोशात आला, हात वर केला आणि खुशालरावांच्या कोटाची बगल उसवली.

तेवढ्यात मागच्या रांगेतून टाळ्या पडल्या. पायलनं वळून पाहिलं आणि तिला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मागं खुशालराव आणि स्टँडची चार-पाच माणसं मांडीवर पिशव्या घेऊन, अगदी लांब निघाल्यासारखी बसली होती. हॉल रिकामा दिसला तर भाव पडेल, म्हणून नागसेननं तिथंही आपली माणसं बसवली होती.

मॅडमनी चष्मा काढून विचारलं, आपण कोण? आपल्यालाही प्रवेश हवा आहे का? खुशालराव गडबडले. इतक्या वर्षांची सवय. ते पिशवी सावरत उभे राहिले आणि म्हणाले, "नाई मॅडम. आमाले इथंच उतराचं हाय." आणि सगळे एका रांगेत बाहेर निघून गेले.

हॉलमध्ये एकच हशा पिकला. पोरं बाकांवर हात आपटून हसत होती. नागसेननं सगळ्यांना नमस्कार केला, मंचावरून उतरला, आणि जाता जाता बहिणीला डोळा मारून गेला. काम फत्ते झालं असंच त्याला वाटत होतं.

पुढचं नाव पायलचं होतं. हसणं अजून थांबलं नव्हतं. पाठ केलेलं सगळं ती विसरली, कारण तिला भीतीऐवजी राग आला होता. आपल्या भावाला कोणी हसावं याचा राग. तिनं माईक धरला.

"हसण्यासारखं होतंच," ती म्हणाली. "पण रिकाम्या गाडीत पहिलं कोणी चढत नाही. तो चढला, म्हणून मी इथवर आले."

मग ती बोलत राहिली. नवा धंदा पहिल्या गिऱ्हाइकापाशी का अडतो, ते पहिलं माणूस कशानं धजावतं, आपल्याला याचाच अभ्यास करायचा आहे. आपण काय काय बोललो ते तिला नंतर नीटसं आठवेना. मंजुषा मॅडम मात्र ते लिहून घेत होत्या.

यादी लागली. तिच्यात पायलचं नाव होतं आणि नागसेनचं नव्हतं. शेषरावांनी वाचली आणि चष्मा खिशात ठेवला. "दोघं म्हनलं होतं," एवढंच ते बोलले. पायल आत जाऊन भांडी घासायला बसली.

नागसेननं स्टँडवर सांगून टाकलं की कॉलेजवाल्यांची सीट गेली, त्यांचं नशीब. असा माणूस आपल्याकडे वेडा ठरतो. पण पडल्यावर कपडे झटकायलाही न थांबता पुढं चालू लागणाऱ्या या माणसाचं मला तरी कौतुकच वाटतं. त्यानं ती कार्डं काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, "पोरींसाठी जीप, परतवाडा ते अमरावती, थेट कॉलेजच्या गेटपर्यंत, रोज." मग गल्लोगल्ली, अचलपुरापर्यंत, पोरी शिकणाऱ्या घरात त्यानं ती नेऊन दिली. बापाला म्हणाला, एकटी नाई जानार, गाडीभर जातील. शेषरावांनी विचारलं, कुठं आहेत पोरी? तो म्हणाला, येतील.

पहिल्या सकाळी खुशालराव स्टिअरिंगवर होते. आत पायल होती, आणि तिच्या बाजूला दुर्गाबाई आणि गंगूमावशी कॉलेजच्या बॅगा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मावशीनं एक जाड पुस्तक उलटं धरलं होतं. नागसेन ओरडत होता. पोरी आल्याही होत्या, पण रस्त्यापलीकडं आपापल्या बापांसोबत उभ्या होत्या. बाप जीपकडे पाहत होते, मग नागसेनकडे, आणि कोणी पाऊल टाकत नव्हतं. नागसेनच्या "एकच सीट"वर त्या गावात आता कोण विश्वास ठेवणार? आज गाडी सुटली नाही तर ती कधीच सुटणार नव्हती.

शेषराव चहाच्या टपरीपाशी उभे होते. त्यांनी कप ठेवला. जुनी खाकी पिशवी काखोटीला मारून ते रस्ता ओलांडून आले, जीपमध्ये चढले, आणि पायलच्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसले. नागसेनचा आवाज मध्येच बंद पडला.

शेषराव तायडे त्या जीपमध्ये बसलेले पाहिले आणि पहिला बाप पोरीला घेऊन आला. मग पौर्णिमा आली, जमुना आली, आणखी पोरी आल्या. मावशी उतरली, दुर्गाबाई उतरल्या. पोरींनी गाडी भरली, आणि शेषराव बसले होते तेवढीच जागा उरली.

नागसेन टपावर बॅगा बांधत होता. पायलनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अमरावती, अमरावती," ती ओरडली. "एकच सीट."

सगळा स्टँड वळून पाहू लागला. बस स्टँडच्या बाजूनं एक पोरगी ओढणी सांभाळत धावत आली आणि जीपच्या दारात येऊन थबकली. शेषरावांनी आपल्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, पिशवी उचलली आणि सरकून जागा केली.

"बस बाई," ते म्हणाले. "मले इथंच उतराचं हाय."